पैसे वसूल करायला गेलात तर पोरं रडतच घरी येतील

भांडुपहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात देते:

"ताई, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. मेच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. सासूबाई पण येणार, पण त्यांचे गुडघे दुखतात. मिस्टरांना शनिवार-रविवारच सुट्टी असते आणि त्यांचं म्हणणं, एवढी महाग तिकिटं काढायची तर गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत थांबायचं आणि सगळ्या राइड करायच्या. तर जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा अजून थोडे पैसे घालून सरळ सिंगापूरला युनिव्हर्सलला न्या, मुलांच्या लक्षात तरी राहील. मला दोन्हीचं टेन्शन आलंय. मुलगी दुपारी झोपली नाही की संध्याकाळी अजिबात आवरत नाही. काय करू?"

अगं, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी, जाता जाता लिहिलंयस. मुलगी दुपारी झोपली नाही की आवरत नाही. बस, तुझं सगळं प्लॅनिंग तिथून सुरू कर, मग तिकिटं, राइड, हॉटेल, खोपोली की सिंगापूर, हे सगळं त्याच्या मागे येऊ दे. तीन वर्षांच्या मुलीचा दिवस दुपारी एकच्या आसपास संपतो आणि झोप झाली तर चार वाजता पुन्हा नव्याने सुरू होतो. मधले तीन तास तू तिला उन्हात रांगेत उभं ठेवलंस तर संध्याकाळी पार्कमध्ये कितीही भारी काहीतरी चालू असू दे, ती जमिनीवर लोळण घेणार, मग तिला बघून मोठा रडणार, मग तुमचं दोघांचं वाजणार आणि घरी येताना गाडीत कोणी कोणाशी बोलणार नाही.

आता मिस्टरांचं. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस, त्यांच्या डोक्यात काय आहे ते मला बहुतेक कळतंय. आपल्या वयाच्या मुंबईकरांच्या डोक्यात अजून ती गोराईची पिकनिक बसलीये. एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं, वॉटर किंगडम १९९८ ला, सकाळी शाळेची बस, मग ती फेरीबोट, आत शिरलं की जे पळत सुटायचो ते संध्याकाळी शिट्टी वाजेपर्यंत, जेवायचं सुद्धा भान नसायचं. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे पण पार्कला जायचं म्हणजे असंच जायचं हे डोक्यातून गेलेलं नाही. फक्त तेव्हा आपण बारा-तेरा वर्षांचे होतो गं, आणि सोबत आई-बाबा नव्हते, मित्र होते. तुझी मुलगी सव्वातीनची आहे. बारा वर्षांच्या मुलाला दिवसभर पार्क पुरत नाही आणि तीन वर्षांच्या मुलीला अडीच तासांत भरून जातं, हे त्यांना असंच शांतपणे सांग, त्यांना पटेल. आणि पैसे वसूल व्हायचे असतील तर ते राइड मोजून होत नाहीत, मुलं किती वेळ हसत होती त्यावर होतात. चार राइड मनापासून झाल्या तर तो दिवस मस्त झाला असं मी समजेन.

सिंगापूरचं आधी निकालात काढू म्हणजे डोक्यातून जाईल. माझं मत स्पष्ट आहे, यावर्षी नको. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल पार्क छानच आहे पण तिथल्या मोठ्या रोलरकोस्टरना १२२, १२५ सेंटीमीटर उंची लागते आणि सहा वर्षांची मुलं सरासरी ११५ च्या आसपास असतात, तीन वर्षांची ९५ च्या. म्हणजे ज्या राइडसाठी लोक तिथे जातात त्या तुझ्या दोन्ही मुलांना बाहेरूनच बघायच्या. वर सगळ्यांचा व्हिसा, मुलांचे पासपोर्ट, दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात पूर्ण सीट, साडेपाच तासांचा प्रवास आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे पहिले एक-दोन दिवस झोपेचा खेळखंडोबा ठरलेला. लहान मुलांना घेऊन बाहेरच जायचं असेल तर मी युनिव्हर्सलपेक्षा हाँगकाँगचं डिस्नेलँड सुचवेन, कारण तिथल्या बऱ्याचशा राइडना उंचीची अटच नाही, पार्क आटोपशीर आहे आणि स्वतःची मेट्रो लाइन अगदी दारापर्यंत जाते. पण तेही धाकटी पाच-सहाची झाल्यावर, मोठा आठ-नऊचा असेल, दोघांनाही सगळं करता येईल आणि दोघांच्याही लक्षात राहील. जाऊबाई लक्षात राहण्याचं बोलतायत ते मोठ्याच्या बाबतीत बरोबर आहे, धाकटीच्या बाबतीत अजिबात नाही. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो, म्हणून तो पण आत्ता घाईने काढू नकोस, जायच्या वर्षी काढ.

मग इमॅजिका. ते चांगलं आहे, मुंबईहून जवळ आहे आणि एक मोठा फायदा जो कोणी सांगत नाही तो म्हणजे आपल्या बाजूने जाताना घाट लागत नाही. एक्सप्रेसवेने खालापूरला उतरायचं आणि खोपोली-पाली रस्त्याला लागायचं, बोर घाट त्याच्या पुढे आहे. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांना याची किंमत कळेल. भांडुपहून ऐरोली पूल, मग सायन-पनवेल हायवे, कळंबोली, एक्सप्रेसवे, ट्रॅफिक नसेल तर दीड-दोन तास. पण हे "नसेल तर" शनिवारी सकाळी विसरायचं, मे महिन्यात तर अर्धी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते आणि तुम्ही त्याच टोलच्या रांगेत. म्हणून पहिली गोष्ट, मिस्टरांना एक दिवस रजा टाकायला सांग. मंगळवार-बुधवार. रांगा निम्म्यावर येतात असं समज, आणि बऱ्याचदा वीकडेचं तिकीट ऑनलाइन स्वस्त पण मिळतं. एका रजेने जेवढं सुख मिळेल तेवढं महागातल्या फास्ट पासने पण मिळणार नाही, आणि तसाही तो पास मोठ्या राइडच्या रांगांसाठी कामाचा, लहान मुलांच्या राइडना एवढी गर्दी नसते.

दुसरं म्हणजे महिना. मे मध्ये खोपोलीला ऊन कसलं असतं ते तुला माहितीये, दुपारी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस धो धो आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. माझं ऐकशील तर थीम पार्क डिसेंबर-जानेवारीत कर, नाताळची सुट्टी सोडून, आणि मेच्या सुट्टीत फक्त तिथलंच वॉटर पार्क कर. दोन्हीची तिकिटं वेगळी असतात, तेव्हा एकाच दिवशी दोन्ही घुसडायचा मोह होऊ देऊ नका. पाण्यात मुलांना उंची-बिंची काही आठवत नाही, गुडघाभर पाणी आणि वरून धबाधबा पडणारी एक बादली, तेवढ्यात दोन तास जातात. मे मध्येच थीम पार्क करायचं ठरलं असेल तरी हरकत नाही, मग सकाळचे अडीच तास आणि संध्याकाळचे दोन तास, मधे बाहेर.

मधे बाहेर म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. त्यासाठी एक रात्र तिकडेच राहा. पार्कला लागूनच हॉटेल आहे, बजेटमध्ये बसत असेल तर उत्तमच, नसेल तर खोपोली, खालापूर भागात साधी हॉटेलं, रिसॉर्ट भरपूर आहेत, स्वच्छ एसी रूम आणि पार्कपासून पंधरा-वीस मिनिटं एवढंच बघ. एकला बाहेर पडायचं, जेवायचं, पडदे ओढून सगळ्यांनी झोपायचं, हो, मिस्टरांनी पण, चारला चहा घेऊन परत. फक्त त्याआधी गेटवर विचारून ठेव की बाहेर पडून परत आत सोडतात का, हातावर शिक्का मारतात का बँड देतात, प्रत्येक पार्कचा नियम वेगळा असतो आणि बदलत पण असतो, त्यामुळे त्या दिवशी तिथेच विचारलेलं बरं. परत सोडत नसतील तर आतलीच एखादी एसी खानावळ पकड जिथे तासभर बसता येईल, स्ट्रोलर भाड्याने घे आणि त्यात तिला ओढणी टाकून झोपव. सव्वातीनची म्हणजे घरी कोणी स्ट्रोलर वापरत नसेल, तरी घे. मोठा दमला की तो पण त्यातच बसतो.

आता उंचीबद्दल, कारण दिवसाचा विचका सगळ्यात जास्त इथे होतो. जायच्या आधी दोघांना भिंतीला टेकून, चपला काढून उभं कर, डोक्यावर पुस्तक ठेव, पेन्सिलने खूण कर आणि टेपने मोज. मग पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची किमान उंची दिलेली असते ती काढ, आणि कोणाला कशात बसता येईल त्याची यादी कर. मुलांना फक्त त्या यादीतल्याच राइड सांगायच्या, यूट्यूबवर नायट्रो या तिथल्या मोठ्या रोलरकोस्टरचा व्हिडिओ अजिबात दाखवायचा नाही. नायट्रो, डीप स्पेस, स्क्रीम मशीन या तुझ्या मुलासाठी नाहीतच अजून. मी जे बघितलंय ते सांगते. रांगेत पाऊण तास उभं राहिलेलं पोरगं त्या मापाच्या पट्टीजवळ येतं, टाचा उचलतं, मान ताणतं, वडील मागून केस फुगवतात, ऑपरेटर हसून खांद्यावर हात ठेवून टाचा खाली करायला लावतो आणि चार बोटं कमी पडतात. त्या पोराचा चेहरा बघवत नाही. आणि मग वडील ऑपरेटरशी भांडतात, की अहो चार बोटांनी काय होतंय. होतं. ती मांडीवरची दांडी आणि खांद्यावरचे पट्टे ठरावीक मापाच्या शरीराला धरून ठेवायला बनवलेले असतात, शरीर त्याहून लहान असेल तर वळणावर मूल त्यातून सरकू शकतं. तो ऑपरेटर तुमच्या मुलाचा जीव सांभाळतोय, त्याच्याशी एक शब्दही वाद घालायचा नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

धाकटीसाठी टबी टेक्स ऑफ नावाची हत्तींची राइड आहे, कॅरोसेल म्हणजे घोड्यांचं चक्र आहे, हळू फिरणाऱ्या अजून काही आहेत, ती त्यातच खूश होईल आणि एकच राइड पाच वेळा करायला मागेल. करू दे. नवीन राइड दाखवायला तिला ओढत नेऊ नका, लहान मुलांना तेच तेच आवडतं. मोठ्याला अलीबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून बंदुकीने नेम धरायला मिळतो, ती आत एसीत आहे, ती दुपारच्या जरा आधी ठेव. सलीमगढ मात्र दोघांनाही नको, भुताची आहे आणि आत अंधार. मोठा म्हणेल मला नाही भीती वाटत, तरी नको, नाहीतर महिनाभर रात्री बाथरूमला एकटा जाणार नाही.

तुम्हा दोघांना मोठी राइड करायची असेल तर आळीपाळीने करा, एकाने मुलांजवळ थांबायचं. परदेशातल्या मोठ्या पार्कांत यासाठी सोय असते, एक जण राइड करून आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. इथे राइडवरच्या माणसाला विचारून बघ, वीकडेला गर्दी नसेल तर सोडतात सुद्धा.

सासूबाईंविषयी मला जरा जास्त सांगायचंय. आपल्याकडे सहलीत आजीला काय काम असतं, तर बाकावर बसून सगळ्यांच्या बॅगा आणि चपला सांभाळायच्या. घामेजलेल्या, एकट्या, हातात सगळ्यांचे मोबाइल, आणि दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन पाणी पिऊन जातं. असं करू नका गं. लॉकर भाड्याने मिळतात, बॅगा त्यात टाका. त्यांना ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट आहे का ते बघ, व्हीलचेअर मिळते का ते आधी फोन करून विचार, आणि त्या नको म्हणतील तर आग्रहाने सांग की आई, चालताना नको वाटलं तर बसा, नाहीतर राहू दे. कॅरोसेलवर नातीबरोबर त्याच बसू देत, तेवढा फोटो नक्की काढ. सकाळचे दोन तास त्यांनी यावं आणि संध्याकाळी वाटलं तर रूमवर टीव्ही बघत बसावं, त्यात त्यांना कमीपणा वाटेल असं कोणी बोलू नका. पाचही जणांनी दिवसभर एकत्रच असलं पाहिजे असा काही नियम नाही.

खाण्याचं. बाहेरचं खाणं बहुतेक सगळ्या पार्कांत आत नेऊ देत नाहीत, गेटवर बॅग उघडून बघतात आणि तुझा थेपल्यांचा डबा तिथे टेबलावर राहतो. लहान बाळाचं खाणं आणि औषधं सहसा सोडतात, तेवढं विचारून घे. म्हणून सकाळी घरून निघताना किंवा वाटेत फूड मॉलला सगळ्यांचं पोटभर होऊ दे, पोहे, उपमा, जे मुलं खातात ते, नवीन काही नको. ज्याला गाडी लागते त्याला मात्र निघायच्या तोंडावर दूध देऊ नकोस. आत जेवायचं असेल तर साडेअकरा-बाराला जेवून घ्या, एकला सगळं पार्क एकदमच जेवायला येतं. ओआरएसची पाकिटं पर्समध्ये असू देत आणि मुलं दर दोन-तीन तासांनी शू करतायत ना यावर लक्ष ठेव, उन्हात पाणी कमी पडतंय हे मुलं सांगत नाहीत, खेळत राहतात आणि मग एकदम गळून जातात.

वॉटर पार्क असेल तर नायलॉनचे कपडे लागतात, सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत, आणि तिथे भाड्याने घेण्यापेक्षा भांडुप स्टेशनबाहेरच घेऊन ठेव. धाकटीला स्विम डायपर. टाचेमागे पट्टा असलेले सँडल, कारण फरशी तापते आणि घसरते. आणि पाण्यात तुझा नाहीतर मिस्टरांचा हात तिच्यापर्यंत पोचेल एवढ्याच अंतरावर ती असली पाहिजे, मोबाइल लॉकरमध्ये. फुगवलेली ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नाही, लहान मूल त्यातून आवाज न करता निसटतं. लाइफगार्ड आहे म्हणून आपण बाजूच्या खुर्चीवर बसायचं असं नाही.

सकाळी पार्कच्या गेटवर दोघांचे त्याच दिवशीच्या कपड्यांतले फोटो काढ, पूर्ण उभे. देव न करो पण गर्दीत हात सुटला तर "निळा टी-शर्ट होता की हिरवा" हे त्या क्षणी आठवत नाही. मनगटावर पेनने तुझा नंबर लिही. मोठ्याला सांगून ठेव, आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि पार्कचा युनिफॉर्म घातलेल्या माणसाला नाव सांगायचं, शोधायला पळायचं नाही. हे घरी दोन-तीनदा खेळासारखं करून घे.

आणि एक काम जायच्या पंधरा दिवस आधी कर. राणीबागेत एक सकाळ घालव, बुधवार सोडून, कारण बुधवारी बंद असते. पेंग्विन बघायला २०१७ पासून लोक येतायत, सुट्टीत तिथे चांगलीच रांग असते, म्हणजे तुला अगदी थोड्या पैशात कळेल की धाकटी रांगेत किती वेळ टिकते, किती चालते, किती वाजता कडेवर घे म्हणते, सासूबाईंना किती झेपतं. मिस्टरांना पण सोबत ने. तिथे साडेबारा-एकला काय होतंय ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की "गेट बंद होईपर्यंत" हा विषय परत निघणार नाही, तुला एक शब्द बोलावा लागणार नाही.

त्यांच्यासाठी एवढं कर, संध्याकाळी पाचला, मुलं झोपून ताजी झालेली असताना, त्यांना एकट्याला नायट्रोला पाठव आणि तुम्ही खालून हात हलवा. मोठ्याला फार भारी वाटेल बाबांना वर बघून. मग एक हत्तीची राइड धाकटीसाठी, आइस्क्रीम, आणि उजेड असतानाच निघा. तिकीट काढताना तारीख बदलून मिळते का ते तेवढं वाचून घे, मुलांना नेमका आदल्या रात्री ताप भरतो, आणि तापातल्या मुलाला तिकीट फुकट जाईल म्हणून कोणी नेऊ नका.